अक्कांच्या शाळेतल्या एकवीस नानकटाया

निलव्वाक्का कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी स्वयंपाकघरात जात आणि पिठाचा डबा उघडत. विचारण्याची भानगड नाही. चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळायचं, जिभेच्या टोकावर ठेवायचं आणि निकाल द्यायचा. "ज्वारी बरी हाय, पन गव्हावर दळलीय की वो ही." घरातली बाई ओशाळून म्हणे, "गिरणीत फार गर्दी होती, अक्का." अक्का डब्याचं झाकण घट्ट लावत आणि मगच चहाला बसत.

गिरणीत आपल्या आधी ज्याचं दळण झालं त्याचं मूठभर पीठ आतच राहतं आणि ते आपल्या डब्यात येतं. म्हणून ज्वारीवाल्या बायका ज्वारीच्या मागे नंबर लावतात, गहूवाल्या गव्हाच्या मागे, आणि त्यावरून आमच्या गल्लीत रोज एक तरी भांडण व्हायचं. बाकीच्या बायका भाकरी चिकट होऊ नये म्हणून भांडत. अक्का आमच्या मनूसाठी भांडत. तेही मनू त्यांची कुणी लागत नसताना.

मी रेल्वेत कारकून. बदली होऊन सोलापूरला आलो तेव्हा नवी पेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. बरोबर बायको सुमन आणि साडेतीन वर्षांची मनू. मनूचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, दिवसातून सहा-सात वेळा परसाकडला पळावं लागे, आणि आम्ही तिला ताकद यावी म्हणून तूप लावून पोळी भरवत होतो. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, पुण्याला पाठवून तपासण्या करून घेतल्या आणि सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद. कणभरही नको. याला औषध नाही, हेच औषध."

आमच्या घरात पोळीशिवाय पान वाढलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुमन चुलीपाशी बसून रडायला लागली. ते ऐकून शेजारच्या दारातून एक उंच, सडसडीत बाई आत आली. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमची ओळख अजून व्हायची होती. तिनं सुमनकडून सगळी हकीकत ऐकली आणि हसली.

"अय्यो, एवढंच? गहू न्हाय म्हंजे जेवन न्हाय काय? आमच्या गावाकडं गहू सनाला बी पावना म्हनून येतो. लेकरू बिनगव्हाचं वाढतंय का न्हाय ते मी बघते. तुमी रडायचं बंद करा आदी."

अक्का अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. यजमान वीरभद्रप्पा यांचं भुसार मालाचं दुकान होतं. दोन मुलगे लग्न होऊन वेगळे राहत. वीरभद्रप्पा दिवसाला चार शब्द बोलत, आणि त्यांचे उरलेले शब्दही अक्काच वापरतात असं मी सुमनला म्हणायचो. पण त्या चार शब्दांतले तीन एकदा आमच्या फार कामाला आले. गहू बंद करून महिना झाला तरी मनूचं पोट अधूनमधून बिघडत होतं. सुमन हवालदिल. अक्कांनी आमच्या घरातला एकेक डबा ओट्यावर मांडला, वास घेतला, चाखला, काही सापडेना. दारात उभे असलेले वीरभद्रप्पा म्हणाले, "हिंगात कणीक असती." आणि दुकानाला निघून गेले. हिंग बंद झाला तशी मनू सुधारली.

अक्कांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मोडून बघा की." भाजी घ्यायला गेल्या की प्रत्येक भेंडीचं टोक मोडत, आणि भाजीवाल्या लांबूनच टोपली झाकून घेत. भाकरी कशी झाली ते तोंडाकडे बघून सांगायचं नाही, मोडून बघायची. कडक भाकरी तर त्या अशी करत की मोडली की आवाज शेजारी ऐकू यावा. माणसाच्या बोलण्याबद्दलही त्या हेच म्हणत. आमच्या घरमालकानं एकदा घराला रंग देण्याचं कबूल केलं तेव्हा मी खूश होऊन सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "गोड बोलला व्हय? मोडून बघा की जरा." रंग काही लागला नाही.

मनू बालवाडीत जायला लागली आणि पुन्हा गडबड झाली. तिथं मधल्या सुट्टीत मुलांना गव्हाच्या पिठाची सुकडी मिळे. बाई चांगल्या होत्या, पण चाळीस पोरांत एकीच्या तोंडाकडे किती बघणार? मनूनं बकाणा भरला आणि आठ दिवस अंथरुणाला खिळली. मी शाळा बंद केली आणि डोकं धरून बसलो. गहू गेला तो गेला, आता अक्षरही जाणार.

"माझ्याकडं पाठवा," अक्का म्हणाल्या.

"तुमच्याकडे? अक्का, शिकवायचं म्हणजे..."

"मी कानडी चौथी शिकलीय. मराठी मी तिसाव्या वर्षी शिकले, पोराच्या पुस्तकात बगून, भाकऱ्या थापत. कसं शिकायचं ते मला ठावं हाय. तुमाला कुटं आठवतंय तुमी कसं शिकला ते?"

मला खरंच आठवत नव्हतं. तरी मी रेल्वेचा माणूस, त्यामुळे शाळेचं वेळापत्रक करून दिलं. अंकगणित सव्वानऊ, वाचन दहा, लेखन पावणेअकरा. ऑफिसच्या जाड कागदावर, लाल-निळ्या शाईत. अक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कौतुकानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मी पाहतो तो बाजरीच्या डब्याला अगदी मापात बसवून झाकणाखाली घातलेलं.

शाळा त्यांच्या पडवीत भरे. मनू आणि गल्लीतली आणखी तीन पोरं. पहिला धडा असा की डोळे मिटून मुठीत दाणे घ्यायचे आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, गहू ओळखायचे. मनूला गहू आधी ओळखायला शिकवलं. "वैऱ्याचं तोंड पाठ पाहिजे," अक्का म्हणत. मोजणी दाण्यांवर, चिंचोक्यांवर आणि शेंगांवर. अक्षरं मात्र पिठावर. ज्वारीचं पीठ उकडून, मळून त्याच्या दोऱ्या वळायच्या, दोऱ्यांचं अक्षर करायचं आणि ते अक्का भाजून देत. त्यासाठी जुन्या हंड्यात वाळूचा थर, वर ताटली, झाकणावर निखारे. गुळाची, तिळाची, कधी तिखटमिठाची अक्षरं निघत. नियम एकच. जे वाचता येईल ते खायचं. एका पोराला पंधरा दिवस नुसतं 'अ'च खावं लागलं. मनूनं महिन्याभरात हेरलं की शब्द जितका लांब तितका खाऊ जास्त. तिनं एक दिवस 'सोलापूर' वळून आणलं आणि मात्रा-उकारासकट खाल्लं.

दर गुरुवारी अक्का चौघांना घेऊन नवी पेठेतून फिरत. दुकानांच्या पाट्या हे त्यांचं क्रमिक पुस्तक. एका सराफाच्या दारात लिहिलं होतं, 'चपला काढून आत यावे.' मनूनं मोठ्यानं वाचलं. अक्का म्हणाल्या, "वाचलं न्हवं? मग पाळा." चौघांनी चपला काढल्या, ओळीनं आत जाऊन पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसले. सराफ उठून उभा राहिला. आत एक जाडजूड साहेब बूट घालून बसले होते. मनूनं त्यांना विचारलं, "तुम्हाला वाचता येत नाही का?" साहेबांनी बूट काढले. अक्कांनी सराफाला सांगितलं, "लेकरं उन्हातनं आलीत, पानी द्या की." आणि सराफानं तांब्या आणला. हे सगळं मला सराफानंच सांगितलं, आणि सांगताना त्याला तक्रार करायची आहे की कौतुक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली. रेशनवर गहू येई आणि बाहेरून आलेला लाल मिलो येई. मिलो म्हणजे नावाची ज्वारी. भाकरी थापता थापता फुटायची, घशाखाली उतरायची नाही, आणि सगळं शहर मिलोला शिव्या घालत होतं. एकट्या अक्का खूश. "अवो, ही बी ज्वारीच की! गहू न्हवं न्हवं? माझ्या मनव्वाला चालती." त्या मिलो धुऊन वाळवत, घरच्या जात्यावर दळत, आधणात उकड काढत आणि दोन तळव्यांत खेळवून भाकरी करत. ती फुटत नसे. गल्लीतल्या बायका शिकायला येऊन बसू लागल्या.

त्या दिवाळीत मनू साडेपाच वर्षांची होती. दिवाळीत आमच्याकडे नानकटाया घरी भाजत नसत. घरून पीठ, साखर, तूप न्यायचं, बेकरीत मळून गोळे करायचे आणि ट्रे त्यांच्या भट्टीत लावायचा. आमच्या गल्लीची बेकरी रसूलचाचांची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिथं पहाटेपासून बायकापोरांची रांग. प्रत्येक ट्रेच्या कडेला घरच्या नावाची चिठ्ठी. पोरं आपल्या नावाचा ट्रे भट्टीतून येताना बघायला ताटकळत उभी असत. मनू आदल्या वर्षी दाराबाहेर उभी राहून बघत होती. आत मैदा उडतो म्हणून आम्ही तिला आत सोडलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं एकच. "माझ्या नावाचा ट्रे कधी?"

अक्कांनी तिला शब्द दिला. "अवंदा तुझा ट्रे. पीठ तुझं, नाव बी तूच लिहायचं."

मग अक्का आणि रसूलचाचा यांची बोलणी झाली. मी साक्षीला होतो. अक्का म्हणाल्या, ट्रे घासून, राखेनं पुसून, केळीचं पान घालून. सकाळच्या पहिल्या भट्टीत, मैद्याचं पोतं उघडायच्या आधी. चाचा म्हणाले, "हौ अक्का, फिकर नक्को. मेरी बच्चीच समजो. पैला ट्रे उसका." अक्कांनी तरी मला एक काम लावलं. "सायेब, तुमी ट्रेच्या शेजारी उभं राहायचं. हालायचं न्हाय. कुणाचा हात लागू द्यायचा न्हाय. एवढं जमंल न्हवं?"

मी म्हणालो, जमेल. मी रेल्वेत मालगाड्यांचे कागद सांभाळतो, एक ट्रे काय?

ज्वारीचं पीठ, थोडं डाळीचं पीठ, पिठीसाखर, तूप. आदल्या संध्याकाळी अक्कांच्या पडवीत मनूनं स्वतः गोळे वळले आणि स्वतः मोजले. एकवीस. डब्यात थर लावताना तिनं तीनदा मोजले. मग कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'मनू'. नू जरा मोठा झाला.

सकाळी मी बेकरीत ट्रेच्या शेजारी उभा राहिलो. मनू दाराबाहेर सुमनच्या कडेवर. चाचांनी सगळं ठरल्याप्रमाणे केलं. एकवीस गोळे केळीच्या पानावर मांडले तर ट्रे निम्माच भरला. तेवढ्यात आमच्या पलीकडच्या घरातल्या नरसम्मा आपलं पातेलं घेऊन आल्या. विणकराचं घर, तेलुगू माणसं, मनाच्या इतक्या मोठ्या की त्यांच्याकडे नेलेली वाटी कधी रिकामी परत आली नाही. त्यांच्या घरातून रिकामं भांडं पाठवणं म्हणजे अपशकुन. त्यांनी मनूच्या नावाची चिठ्ठी बघितली, निम्मा ट्रे बघितला आणि त्यांचा जीव कळवळला.

"अय्यो, लेकराचा पैला ट्रे अन अर्दा रिकामा? असं कसं हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत आपल्या पातेल्यातल्या मळलेल्या पिठाचे गोळे भराभर वळून त्यांनी रिकामी जागा भरून टाकली. तेरा गोळे. मैद्याचे. मैदा म्हणजेही गहूच, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी तोंड उघडू शकलो असतो. हे मी आजही स्वतःला सांगतो. बाईंचे डोळे भरून आले होते, मागे दहा बायका बघत होत्या, आणि त्या प्रेमानं भरलेल्या ट्रेमधून गोळे उचलून बाहेर काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. मला वाटलं, घरी गेल्यावर निवडून काढू. पांढऱ्या दिसतील त्या नरसम्मांच्या. चाचांची आमच्याकडे पाठ होती. त्यांनी ट्रे आत सारला. बाहेर आला तेव्हा सगळ्या नानकटाया एकाच रंगाच्या, एकसारख्या भेगाळलेल्या.

घरी डबा उघडला तेव्हा मनूनं पहिलं काम केलं ते मोजण्याचं. ती मोजत गेली आणि तिच्या कपाळावर आठी आली. "बाबा, चौतीस आहेत. मी तर एकवीसच केल्या होत्या."

मी म्हणालो, "भट्टीत गेलं की वाढतात."

तिनं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि पुन्हा मोजल्या. मी त्यातल्या जरा गडद दिसणाऱ्या तिला देत राहिलो. दोन दिवसांत तिनं चार खाल्ल्या, आणि पाडव्याला तिचं पोट बिघडलं. दुपारपर्यंत ती पार गळून गेली. दोन वर्षांत भरलेले गाल एका दिवसात बसले.

सुमन अक्कांवर संतापली. ती बोलली ते वाईट बोलली, आणि तिच्या जागी कुणीही आई बोलली असती. "तुमच्या पिठानं झालं हे, अक्का. तुमच्यावर विश्वास टाकून बसलो आम्ही." अक्का उठल्या. घरी गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी जातं उचकटून दोन्ही दगड धुतले, साखर चाळली, तुपाचा डबा रिकामा केला, सगळी पिठं मागच्या परड्यात टाकली. दुसऱ्या दिवशी पडवीत शाळा भरली नाही. पोरं आली तर अक्का म्हणाल्या, "आज न्हाय. माझ्या हातात काय तरी बिगाडलंय." दोन दिवस मी ते बघितलं आणि गप्प बसलो. या बाईचा हात चुकला असेल असं तिला वाटू देण्याइतका मी भित्रा निघालो. त्याची लाज मला अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. मनू उशीला टेकून पेज पीत होती. अक्का सुमनला म्हणाल्या, "तो डबा आना जरा." आणि जमिनीवर बसून एकेक नानकटाई मोडायला लागल्या. डोळ्यांनी बघतसुद्धा नव्हत्या. मोडायची, बोटानं कड चोळायची, ठेवायची. एक ढीग उजवीकडे, एक डावीकडे. उजवीकडची वाळूसारखी भुगा होई, डावीकडची पापुद्र्यानं सुटे.

"ह्या माझ्या. ह्या माझ्या न्हवं."

सुमन बघतच राहिली. मनू पेजेची वाटी खाली ठेवून म्हणाली, "अक्का, मी एकवीसच केल्या होत्या. इथं चौतीस झाल्या. बाबा म्हणाले भट्टीत गेलं की वाढतात."

अक्कांनी हात झटकले आणि माझ्याकडे वळल्या. मग मी सगळं सांगितलं. नरसम्मा, तेरा गोळे, भीड, सगळं. सुमननं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं आता अक्का गव्हावरून मला फाडून खाणार. त्यांनी गव्हाचं नावच काढलं नाही आधी.

"नरसम्माला काय सांगायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "ती बिचारी वर्सभर रडत बसंल. पन तुमी, सायेब? दोन वर्सं लागली मला हिला मोजायला शिकवायला. पोरीनं बरोबर मोजलं. अन तुमी तिला सांगितलं की तुझंच चुकलं. गहू आठ दिसांत पोटातनं उतरंल तिच्या. हे कदी उतरायचं?"

अक्कांनी मनूकडे बोट केलं.

"तिला सांगा. आत्ता. माझ्याम्होरं."

मी मनूजवळ जाऊन बसलो. साडेपाच वर्षांच्या मुलीसमोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती. म्हणालो, "मनू, तुझं बरोबर होतं. एकवीसच होत्या. भट्टीत काही वाढत नाही. बाबा खोटं बोलले."

मनूनं थोडा विचार केला. "मग मी दोनदा मोजलं ते बरोबर?"

"दोन्ही वेळा बरोबर."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि पेजेची वाटी पुन्हा उचलली. अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की नरसम्मा काय झालं म्हणून धावत आल्या. अक्कांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं, आणि त्या बाईला ती गोष्ट आम्ही कधीही कळू दिली नाही. पुढच्या वर्षीपासून मनूचा ट्रे कसा भरायचा ते मात्र अक्कांनी बदललं. एकवीसऐवजी ट्रे काठोकाठ भरेल इतके गोळे वळायचे, म्हणजे कुणाला जागाच दिसायची नाही.

मला शिक्षा झाली. रविवारी सकाळी पोरांच्या रांगेत शेवटी बसायचं, डोळे मिटून पिठं ओळखायची आणि नानकटाया मोडून सांगायचं, ज्वारी की गहू. पहिल्या रविवारी मी सातातली पाच चुकलो. पोरं लोळून हसली. मनूनं माझ्या हातावर चापट मारून अक्कांच्याच आवाजात सांगितलं, "बघू नका बाबा. मोडून बघा की." चार रविवार लागले मला पास व्हायला.

त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट कळली. दुकानात काही तरी आणायला गेलो होतो, आणि वीरभद्रप्पा त्यांच्या त्या दिवसाच्या शब्दांतले काही खर्च करून म्हणाले, "शाळू संपत आला. मिलो आमाला." मी विचारलं, म्हणजे? त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. कोपऱ्यात मंगळवेढ्याकडच्या जुन्या शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, एक पोतं होतं, तळाशी आलेलं. मिलोनंही मनूचं पोट बिघडू नये म्हणून अक्कांनी दुष्काळभर ते तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. कधी तिच्या मिलोत मिसळायला, कधी सणाला नुसतं. नवरा-बायको स्वतः रोज लाल भाकरी खात होती. मी दुकानातून बाहेर आलो तेव्हा काय आणायला गेलो होतो ते विसरून गेलो होतो.

मनू सातव्या वर्षी शाळेत गेली. एकदम दुसरीत बसवायचं म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी तिची परीक्षा घेतली. त्यांनी विचारलं, "शंभरपर्यंत येतात का?" मनू म्हणाली, "शंभर कशाचे?" बाईंना आधी उद्धटपणा वाटला. मनूनं टेबलावरच्या टाचण्या मोजून दाखवल्या, एकशे सात निघाल्या, तेव्हा त्या हसल्या. पहिल्या दिवशी अक्कांनी तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, आणि बजावलं, "कुनी काय बी दिलं तर आदी मोडून बघायचं. कळलं न्हाय तर खायचं न्हाय. मास्तरीनबाई म्हनल्या तरी न्हाय. बाबा म्हनले तरी न्हाय."

"बाबांनी तर अजिबातच नाही," मनू म्हणाली. मी छत्री शोधायला आत गेलो.

आणखी तीन वर्षांनी माझी बदली झाली. स्टेशनवर निरोपाला गल्ली आली होती. रसूलचाचांनी सुमनच्या हातात फुलांचा गजरा ठेवला, नरसम्मा रडतच होत्या. अक्का सगळ्यात शेवटी आल्या, हातात पत्र्याचा डबा. रडणं वगैरे काही नाही. त्यांनी डबा खिडकीतून मनूच्या मांडीवर ठेवला.

"एकवीस हायत. मोजून घे."

गाडी सुटायची घंटा झाली होती. मी म्हणालो, "गाडीत मोजेल ती, अक्का."

"न्हाय. हितंच."

मनू मोजायला लागली. गार्डानं शिट्टी दिली. गाडीला झटका बसला तरी तिची मोजणी चुकली नाही. अक्का खिडकीच्या गजाला हात लावून दोन पावलं बरोबर चालल्या आणि थांबल्या. मनूनं मान वर केली. दहा वर्षांची मुलगी, गाल भरलेले, आवाज खणखणीत.

"अक्का! बावीस आहेत!"

अक्कांनी प्लॅटफॉर्मवरून हात लांब करून बोट माझ्याकडे दाखवलं. "एक त्या सायबाची!"

मनूनं एक नानकटाई माझ्या हातात दिली. गाडी अजून हळू होती, अक्का अजून दिसत होत्या. मी ती तोंडाकडे नेली, आणि मध्येच थांबलो. दोन्ही हातांनी धरून मोडली. कड बोटानं चोळून बघितली. वाळूसारखी भुगा झाली. ज्वारीची.

मान वर केली तर अक्का तेच बघत उभ्या होत्या. त्यांनी एकदा मान हलवली, पदर खोचला आणि गाडी फलाट सोडायच्या आत पाठ फिरवून घराकडे चालू लागल्या.